झिपरी मोजे का गिळायची

कुत्रं चपला चावतं, मोजे पळवतं असं सांगितलं की लोक हसतात, लहान आहे, दात येतायत, सुटेल सवय म्हणतात. आम्हीपण तसंच म्हणायचो. खरं तर आमची झिपरी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती, कुत्र्यांचे पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन होतात, म्हणजे ते वय कधीच उलटलं होतं, तरी आम्ही तेच धरून बसलो आणि त्यात तिच्या जिवावर बेतलं. म्हणून जसं झालं तसं सगळं लिहून काढतेय, जरा लांबेल.

आम्ही गोव्यात फोंड्याच्या बाजूला राहतो. जुनं चिऱ्यांचं घर, मागे थोडं कुळागर, माड आणि पोफळी. झिपरी आम्हाला बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात मिळाली, एका भाजीवाल्या बाईच्या पाट्यांमागे बसली होती, दीडएक महिन्याची, कानात गोचिडी, पोट टम्म आणि बाकी अंग हाडं हाडं. बाई म्हणाली नेतेस तर ने बाय, इथे गाडीखाली जाईल. गावठीच आहे, फक्त केस लांब आणि विस्कटलेले म्हणून मुलाने झिपरी नाव ठेवलं. इंजेक्शनं सगळी दिली, रेबीजचं तर आमच्याकडे गावात टीम येऊन पण देते, पिल्लू असताना जंताचं औषध पण दिलं. नंतर जंताचं औषध मात्र वेळच्या वेळी दिलं गेलं नाही, हे आधीच सांगते, पुढे त्याचा संबंध आहे.

सुरुवात मातीने झाली. पहिला पाऊस पडला की ती मागच्या दारी जाऊन तांबडी माती चाटायची, मग खायलाच लागली. मग घराची चिऱ्याची भिंत चाटायची, एकाच जागी, इतकी की तो चिरा ओला आणि गुळगुळीत झाला होता. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "हिला रक्त कमी असणार गो. आमच्यावेळी पोटुशा बायका माती खायच्या, चुलीची भाजकी माती खायच्या, त्यांना रक्त नसायचं अंगात." मी त्यांना म्हटलं अहो ती काय पोटुशी आहे का, आणि विषय तिथेच संपला. ऐंशीच्या बाईने बघून सांगितलेलं ते आम्ही रिपोर्ट हातात येईपर्यंत ऐकलं नाही.

मग दारातलं काथ्याचं पायपुसणं. ते ती नुसतं चावायची नाही, धागे ओढून ओढून गिळायची. मग स्वयंपाकघरातलं फडकं, त्याला माशाचा वास असतो म्हणून खाते असं वाटलं. मग मोजे. मुलगा सातवीत, पावसात मोजे कुठे वाळत नाहीत म्हणून खुर्च्यांवर, खिडकीत, सगळीकडे टाकलेले, तिला रान मोकळं. दोनदा मोजा शीतून बाहेर आला, एकदा उलटून पडला, आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं की चला निघालं, हिला पचतं सगळं. हे "निघालं" फार फसवं असतं. तीनदा निघतं ते चौथ्यांदा अडकतं, आणि मोठ्या कुत्र्याला जाईल ती वस्तू चौदा किलोच्या कुत्रीला जाईलच असं नाही.

आता आम्ही जे केलं ते लिहिते कारण मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. तिच्या तोंडात काही दिसलं की आम्ही सगळे ओरडायचो. झिपरी! सोड! टाक! मुलगा मागे धावायचा, नवरा दुसऱ्या दाराने अडवायचा, ती पलंगाखाली शिरायची, मग तिथून ओढून जबडा उघडून बोटं घालून काढायचं. आधी ती वस्तू घेऊन पळायची आणि निवांत चावत बसायची, तेव्हा निदान गिळत तरी नव्हती. पण दोन महिने असं झाल्यावर आमची पावलं ऐकू आली की ती घाईघाईने मान वर करून गिळून टाकायला लागली. म्हणजे तिच्या दृष्टीने हे लोक माझ्याकडून घेणार आहेत, तर त्याआधी पोटात घालायचं. गिळायची घाई तिला आम्ही लावली. तेव्हा हे कळलं नाही, डॉक्टरांनी नंतर विचारलं "तुम्ही मागे धावता का?" तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं.

जुलैमधला शनिवार होता. सकाळी तिने पेज खाल्ली आणि अर्ध्या तासात ओकली. मग पाणी प्यायली, ते पण ओकली. दुपारपर्यंत चार वेळा. गवत खायला बाहेर गेली आणि पावसातच उभी राहिली, ही एरवी थेंब पडला तर आत येणारी. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, त्यांनी ताप बघितला, पोट दाबून बघितलं, ॲसिडिटी म्हणाले, उलटी थांबायचं इंजेक्शन आणि सलाइन दिलं. तिला बरं वाटलं, उलट्या थांबल्या, आम्ही निर्धास्त. पण उलटी थांबली होती, अडकलेलं तसंच होतं, आणि त्या इंजेक्शनमुळे आमचा अख्खा एक दिवस गेला. मी त्या डॉक्टरांना एकट्यांना बोल लावणार नाही, ती कपडे खाते हे मी त्यांना सांगितलंच नाही, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. कोणाचं कुत्रं असं काही खात असेल तर ताप असो, खाज असो, कशालाही नेलं तरी पहिलं वाक्य तेच सांगा.

रविवारी सकाळी ती एका विचित्र पोजमध्ये बसलेली दिसली, पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, छाती खाली आणि मागचा भाग वर. खेळायला बोलावताना कुत्री तशी वाकतात म्हणून मुलगा बॉल घेऊन गेला तर ती कण्हली. पोटात कळ असली की कुत्री असं करतात हे नंतर कळलं. शी दीड दिवस नाही. आणि मागे शेपटीखाली काथ्याचा एक धागा लोंबत होता, बोटभर. नवरा म्हणाला ओढून काढतो, हात पण लावला होता, पण मी तोवर पणजीच्या बाजूच्या एका डॉक्टरबाईंना फोन लावला होता आणि त्या फोनवरच जवळजवळ ओरडल्या, ओढू नका! कारण धागा आत किती लांब आहे आणि कुठे अडकलाय ते आपल्याला दिसत नसतं, एक टोक आत धरलेलं असलं आणि दुसरं आपण ओढलं तर आतडं त्या धाग्यावर गोळा होतं आणि धागा त्याला सुरीसारखा कापतो. लोंबतं टोक कात्रीने कमी करायचं आणि तसंच घेऊन यायचं. तेवढ्यात शेजारून सल्ला आला होता की मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल. ते पण त्यांनी नाही सांगितलं, एक तर इतक्या जास्त मिठाने कुत्र्याच्या मेंदूपर्यंत त्रास जातो, फिट येते, मरतं पण, आणि दुसरं म्हणजे उलटी करवायचा उपयोग गिळल्यापासून पहिले दोनेक तासच, तोपर्यंत वस्तू पोटात असते, आणि ती पण दवाखान्यात करवायची. आतड्यात उतरल्यावर ओकून येत नाही.

निघालो. बाणस्तारीच्या पुलावर पावसाने समोरचं दिसत नव्हतं, ती माझ्या मांडीवर आणि मला तिच्या पोटातून गुडगुड ऐकू येत होती आणि मग ती पण थांबली.

एक्स-रे काढला तर त्यात मोजा वगैरे काही दिसलं नाही. मला वाटलं मग काही नाहीच. पण कापड, काथ्या, प्लास्टिक एक्स-रेत दिसतच नाही म्हणाल्या, हाड, दगड, नाणं असं दिसतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं ते आतड्याचे वळसे होते, एका ठिकाणी हवेने फुगून दुप्पट झालेले आणि त्यापुढचे रिकामे. मग सोनोग्राफी केली आणि त्यात आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा झालेलं दिसलं, परकराच्या नाडीवर कापड जमतं ना अगदी तसं. ऑपरेशन त्याच दुपारी करायचं ठरलं.

त्याआधी रक्त तपासलं आणि तिथे दुसरी गोष्ट निघाली. हिमोग्लोबिन ८.२, कुत्र्यांना साधारण १२ ते १८ असतं. प्लेटलेट ९५ हजार, त्या दोन लाखांच्या वर हव्यात. गोचिडीतून येणाऱ्या तापाची टेस्ट केली, एर्लिकिया म्हणतात, ती पॉझिटिव्ह. आणि शी तपासायला पाठवली त्यात हुकवर्मची अंडी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत. दोन्ही आपल्याकडच्या ओल्या हवेत भरपूर, हुकवर्मच्या अळ्या तर ओल्या मातीतून कातडीवाटे पण आत जातात, माणसाच्या पायात पण शिरतात. म्हणजे ती महिनोन्महिने गोचिडी आणि जंत दोघांना रक्त पुरवत होती आणि आम्ही म्हणत होतो की हिला खोड लागलीय. रक्त कमी झालेली कुत्री माती, दगड, भिंत असलं खातात. सगळीच तेवढ्यासाठी खात नाहीत, काहींचं आतड्याचं किंवा स्वादुपिंडाचं दुखणं असतं, काही स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भुकेली होतात, काही खरंच कंटाळ्याने आणि काळजीने. पण आधी शरीर तपासायचं आणि मग स्वभावावर बोलायचं, हा क्रम आमचा उलटा झाला. मी घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, रक्त कमी निघालं हो. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी ती जगू दे."

ऑपरेशन दोन तास चाललं. आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं. मोजा, काथ्याचा गुंता, दुधाच्या पिशवीचा कोपरा. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या आतड्याचा रंग परत आला, तुकडा कापून काढावा लागला नाही, अजून एक दिवस गेला असता तर तेवढा भाग काढून जोडावा लागला असता. आणि लगेच पुढे म्हणाल्या की आज खूश होऊ नका, तिसरा ते पाचवा दिवस बघायचा. त्या दिवसांत आतड्याचे टाके सुटून गळती होण्याची भीती सगळ्यात जास्त. खाणं सोडलं, परत उलटी, ताप, पोट दुखून कडक झालं की रात्र असो दिवस असो आणायचं.

ते पाच दिवस मी ऑफिसला गेले नाही. तिच्या शेजारी चटई टाकून झोपायची, गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, पाणी पिताना भांड्यावर आपटायचा, मग सासूबाईंनी खोलगट वाटी उलट्या पातेल्यावर उंच ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून उकड्या तांदळाची पातळ पेज, गाळून, मीठ नाही, दोन-दोन चमचे दर तीन तासांनी. पाचव्या दिवशी तिने नीट शी केली आणि आम्ही चौघं पावसात छत्री धरून बघत उभे होतो, नवरा तर डोळे पुसत होता. बाराव्या दिवशी टाके काढले. सगळा मिळून खर्च २६ हजारांच्या आसपास गेला.

मग औषधं. गोचिडीच्या तापासाठी डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, ती गोळी कोरडी घशात टाकायची नाही, नळी भाजते, पेजेबरोबर द्यायची आणि वर पाणी. जंताचं औषध लगेच आणि परत तीन आठवड्यांनी, कारण पहिल्या डोसने आतड्यातले जंत मरतात पण अंगात दुसरीकडे दडलेल्या अळ्या नंतर आतड्यात येतात. गोचिडीसाठी महिन्याला गोळी. शी रोज उचलून टाकायची, म्हणजे मागच्या अंगणातली माती परत तशीच होणार नाही. सप्टेंबरच्या शेवटी हिमोग्लोबिन १२.६ आलं. आणि भिंत चाटणं त्याआधीच, केव्हातरी ऑगस्टमध्ये, बंद झालं होतं. माती पण. कोणी काही न शिकवता.

कपडे मात्र सुटले नाहीत. इथे मी हताश झाले होते, कारण मला वाटलं होतं रक्त भरलं की सगळंच जाईल. डॉक्टरबाईंनी सांगितलं तिला एकटी सोडून मोबाईलवर व्हिडिओ काढा. फळीवर फोन ठेवून आम्ही निघालो, सासूबाई पण त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. तो व्हिडिओ मी परत एकदाही बघितला नाही. ती दारापाशी, खिडकीपाशी, परत दारापाशी, जीभ बाहेर, लाळ गळतेय, एकदा बारीक आवाजात रडली, आणि मग माझी साडी घडी करून ठेवली होती त्याचा पदर तोंडात घेऊन चोखत बसली. चावत नव्हती, चोखत होती, डोळे अर्धे मिटून. बाईंनी तो बघून सांगितलं की हा वात्रटपणा नाही आणि भूकही नाही, ती एकटी पडली की घाबरते आणि आपल्या माणसाच्या वासाची वस्तू तोंडात धरते, म्हणून मोजे, म्हणून साडी, म्हणून सगळे जिथे पाय ठेवतात ते पायपुसणं. हे तिचं सहा महिन्यांचं रुटीन झालं होतं, आता मनाविरुद्ध पण होतं तिच्याकडून.

फ्लुओक्सेटीन, म्हणजे भीती-काळजी कमी करायचं औषध, सुरू केलं. माणसांना देतात तेच, डोस त्यांनी वजनावर ठरवला, मेडिकलमधून आपल्या मनाने आणून द्यायची गोष्ट नाही. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नुसत्या गोळीने काही होत नाही, शिकवायला सोपं जावं म्हणून ती गोळी. नात्यातल्या काहींनी कुत्र्याला कसली वेडाची गोळी म्हणून नाकं मुरडली. मी ऐकलं नाही.

शिकवायचं काय तर आम्हालाच शिकायचं होतं. पहिला नियम, धावायचं नाही, ओरडायचं नाही, जबड्यात हात घालायचा नाही. अदलाबदल करायची. सुरुवात तिला फारशी न आवडणाऱ्या वस्तूने, समजा लाकडी चमचा. तो तिच्या तोंडात असताना उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी, तिने चमचा टाकला की "सोड" म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि चमचा तिला परत द्यायचा. हे परत देणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यातून तिला कळतं की सोडलं म्हणजे गेलं असं नाही. मग हळूहळू वाढवत बॉल, चप्पल, फडकं. पण "सोड" हा शब्द तिच्या डोक्यात ओरड्याशी जोडलेला होता, म्हणून नवऱ्याने सुचवलं की शब्दच बदलूया आणि आम्ही "दी" करून टाकला, कोकणीतला, म्हणजे दे. काय फरक पडला असेल असं वाटेल पण पडला. चिकन नसेल तर काटे काढलेला उकडलेला बांगडा, त्यासाठी ती काहीही देते.

एकटं राहायचं पण असंच इंचाइंचाने. दोन मिनिटं बाहेर, परत. चप्पल घालून परत आत. पर्स घेऊन अंगणात, परत. पंधरा दिवसांनी दहा मिनिटं, मग अर्धा तास. नवऱ्याची कुंडईला शिफ्ट असते, त्याने दोन महिने सकाळची मागून घेतली म्हणजे दुपारी कोणीतरी घरी. बाहेर जाताना नारळाच्या करवंटीत भात-दही कालवून फ्रीझरमध्ये घट्ट केलेलं ठेवायचो, ती अर्धा तास चाटते. करवंटी गुळगुळीत तासून घ्यायची, सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचा, एक धागा पण नको, आणि तिने करवंटीच फोडायला घेतली तर काढून टाकायची. ज्यांच्याकडे कुत्री नारळाच्या सोडणांशी खेळतात त्यांनी बघा जरा, तो काथ्या पोटात फुगतो आणि विरघळत तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बाठी पण तशाच, मानकुरादची बाठ चोखून टाकलेली कुत्रा अख्खी गिळतो आणि ती बरोबर आतड्याच्या मापाची असते. कुळागर असेल तर सुपारी वेचून ठेवा, सुपारीतल्या द्रव्याने कुत्र्याला लाळ, जुलाब, कापरं भरतं. फिरायला नेताना तोंडाला जाळीचा मझल, त्यातून तिला पाणी पिता येतं, धापता येतं, फक्त उचलता येत नाही. लोक विचारायचे चावते का ही. नाही हो, खाते.

आणि घर. मोजे आता झाकणाच्या डब्यात. फडकी वर. काथ्याचं पायपुसणं गेलं, रबराचं पण नको म्हणून दारात नुसती फरशी, पावसात चिखल येतो तो पुसतो.

मग पुढच्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. चवथीला आमच्याकडे पंचवीस माणसं असतात. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, करंज्या तळायच्या, फटाके, घुमट आरती, त्यात तिला खोलीत बंद ठेवलं होतं पण कोणत्यातरी पोराने दार उघडलं. मी स्वयंपाकघरातून बघितलं तर ती देवासमोरून तुपात भिजलेल्या फुलवातींचं अख्खं पुडकं, कागदासकट, तोंडात घेऊन उभी. कापूस आणि वर तूप. माझ्या तोंडून किंकाळीच येणार होती. मुलगा तिथेच होता, त्याने पुढे येणाऱ्या मामेभावाचा हात धरला आणि स्वतः खाली बसला, तिच्याकडे बघितलं पण नाही, ताटातली करंजी मोडून जमिनीवर तुकडा ठेवला आणि हळू म्हणाला, "झिपरी, दी." ती उभी राहिली. तिच्या घशाकडे माझं लक्ष. मग तिने पुडकं खाली ठेवलं, करंजीचा तुकडा घेतला, आणि सवयीप्रमाणे आता पुडकं परत मिळेल म्हणून शेपटी हलवत त्याच्याकडे बघत राहिली. वाती तर परत देता येत नव्हत्या, म्हणून त्याने तिला आपला खिशातला रुमाल दाखवला, मग विचार बदलून बॉल आणून दिला.

गोळी नऊ महिने दिली, मग दोन महिन्यांत हळूहळू कमी करून थांबवली. या सगळ्याला आता तीन वर्षं होतील. वर्षातून दोनदा रक्त आणि शी तपासून घेतो. गेल्या पावसात चार-पाच दिवस ती परत चिऱ्यापाशी जाऊन उभी राहायला लागली, चाटत नव्हती, नुसती हुंगत होती, तर सासूबाईंनी तिसऱ्या दिवशीच मला हाक मारून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शी घेऊन दवाखान्यात होतो. थोडे जंत निघाले.